नाव घेऊन केलेली प्रार्थना

लुंगलेई, वरची वस्ती
बुधवार, १३ नोव्हेंबर २०१९

प्रिय झारादादा,

डिकीचा प्रभूमध्ये सलाम. तू आणि लियानी वहिनी खुशाल असाल, नातवंडं शाळेत जात असतील. मी ठीक आहे. गुडघा दुखतो, पण ते काही नवं नाही. तू पाठवलेली संत्री पोचली. गोडच असतील. मी एकही सोलली नाही, सगळी शेजारीपाजारी वाटून टाकली.

रीत पाळून झाली. आता मुद्द्याचं.

फोन केला नाही, कारण तुमच्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो आणि वहिनी मागून "कोण, डिकी का?" करत असते. शिवाय फोनवर मी ओरडले असते. कागदावर ओरडायला वेळ लागतो, तेवढ्यात माणूस थंड होतो, असं मला सोमवारी वाटलं होतं. आज बुधवार. दोन कागद फाडून झाले आणि राग तसूभर कमी झालेला नाही.

रविवारी दुपारच्या उपासनेत सामुदायिक प्रार्थना तू चालवलीस. तुम्हा उपांच्या, चर्चच्या वडीलजनांच्या, पुढच्या बाकावरून उठलास, कोटाचं बटण लावलंस (लावलंस ना? नेहमी लावतोस), आणि म्हणालास, "पी सुआकींची सून सियामी, आपल्या छानाची विधवा, हिच्यासाठी आज आपण सगळे मिळून प्रार्थना करू. नवरा गेल्यापासून ती जखमी आहे. रविवारी आपल्यात येत नाही, भलतीकडे जाऊन बसते. घंटा वाजली की घरातला नळ सोडते, म्हणजे घंटेचा आवाज कानावर पडू नये. प्रभू तिला परत आणो." मग सगळ्या चर्चने एकदम, मोठ्याने, आपण करतो तशी प्रार्थना सुरू केली. चारशे तोंडांतून सियामीचं नाव. आणि तिसऱ्या ओळीत पी सुआकी बसलेली. आपली सून चर्चला जात नाही हे त्या बाईला तोवर ठाऊक नव्हतं. तिला ते असं कळलं, डाव्या कानात, उजव्या कानात आणि डोक्यावरून.

पुढचं तुला ठाऊक आहे की नाही कोण जाणे, तेव्हा सांगते. उपासना सुटल्यावर महिला मंडळातल्या वीसेक बायका पी सुआकीच्या घरी गेल्या, सियामीसाठी गाणी म्हणायला. प्रेमानेच गेल्या, मी नाही म्हणत नाही. तुमचं सगळं प्रेमानेच असतं. सियामी तेव्हा माझ्याकडून घरी पोचत होती. कमरेला नेसलेलं चांगलं पुआन, हातात गीतपुस्तक. जिना चढून दारात आली आणि नेहमीच्या सवयीने म्हणाली, "आज गाणी फार छान झाली, आई." आतल्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. पी सुआकीने विचारलं, "कुठली झाली गं?" आणि त्या पोरीने एका गाण्याचा नंबर सांगितला, दादा! वीस बायकांसमोर. एकीने हळूच तिच्या हातातलं गीतपुस्तक काढून घेतलं.

संध्याकाळी तिचं सामान दोन पिशव्यांत भरून बाहेर. सोमवारी पहिल्या सुमोने ती माहेरी, गावाकडे. तिचा पुइया इथेच. सहा वर्षांचं पोर. मूल बापाच्या कुळाचं, रीतच आहे आपली, तिला कोण काय म्हणणार. पी सुआकी म्हणाली, "जी बाई देवाच्या घरात बसू शकत नाही आणि दर रविवारी माझ्या तोंडावर खोटं बोलते, ती माझ्या छानाचं पोर वाढवणार नाही." सुमो सुटताना पुइयाला शेजारच्या घरात कोंडून ठेवलं होतं म्हणे. आई दिसू नये म्हणून.

हे झालं तुमच्या प्रार्थनेचं फळ. आमेन म्हण.

आता ती माझ्याकडे का येत होती, तेही सांगते, म्हणजे "तिला फूस डिकीने लावली" असं वहिनीला म्हणायचं असेल तर नीट माहितीनिशी म्हणता येईल. छाना गेला तेव्हा शोकाच्या घरी बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाने, त्याचं नाव मी घेत नाही, मला नावं न घेण्याची सवय आहे, तिच्यासमोर सांगितलं की, "या तरुणाला देवाने किती संधी दिल्या होत्या आणि त्याने त्या नशेच्या सुईच्या टोकावर उधळल्या." प्रेत अजून घरात होतं. सगळ्यांनी मान डोलावली. त्या दिवसापासून सियामी चर्चमध्ये बसली की तिला तोच आवाज ऐकू येई. देवावर तिचा राग नव्हता. बाकांवर होता. पण सासूच्या घरात राहून चर्च सोडायचं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. म्हणून तिने वरच्या वस्तीतल्या गायनमंडळात नाव घातल्याचं सांगितलं आणि दर रविवारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायला लागली.

तुमच्या बैठकीत माझ्या "चुलीपाशी"ला "पळपुट्यांचा रेडिओ" म्हणतात, मला ठाऊक आहे. म्हणा. रेडिओत उभं आयुष्य घालवून निवृत्त झालेली बाई दुसरं काय करणार? खिडक्यांना गोधड्या लावते, फोनसमोर बोलते आणि ते रेकॉर्डिंग फोनवरूनच लोकांना पाठवते. एक वचन, एक गाणं, आणि कुणीतरी पाठवलेली एक हकिगत. चर्चमध्ये ज्यांचा जीव घुसमटतो पण ज्यांच्याने देव सोडवत नाही अशा माणसांसाठी. परिचारिका आहेत, टॅक्सीवाले आहेत, नशेतून उठलेली पोरं आहेत, एक निवृत्त हेडमास्तर आहे. सगळे पडदे ओढून ऐकतात, कारण रविवारी घरी दिसलेला माणूस आपल्याकडे आजारी तरी असतो नाहीतर भ्रष्ट. ध्वनिमुद्रण मी रविवारी भरदुपारीच करते. तेव्हा गावात कुत्रंसुद्धा भुंकत नाही. एवढा शांत स्टुडिओ सरकारनेही मला कधी दिला नव्हता. तेवढी तुमच्या चर्चमंडळीची मदत मी मान्य करते.

आणि माझा एकच नियम आहे. कुणाचाही आवाज लावायचा नाही. हकिगत कुणाचीही असो, मी ती माझ्या आवाजात वाचते आणि वाचण्याआधी गाव, नातं, धंदा, सगळं बदलते. सियामीची हकिगत वाचली तेव्हा ती चंफाईकडची कुणीतरी शिक्षिका झाली होती आणि मेलेला नवरा भाऊ झाला होता. तिला ओळखायला तिच्या जन्मदात्रीलाही जमलं नसतं.

म्हणून विचारते. तुला कसं कळलं?

तू त्या आधीच्या रविवारी मोहरीची भाजी घेऊन आलास, तेव्हा ती जिन्यावर तुला दिसली, हे खरं. खाली मान घालून गेली. पण जिन्यावर दिसलेली बाई नळ सोडून घंटा बुडवते, हे तुला कुणी सांगितलं? ते तर मी फक्त एका ठिकाणी बोलले आहे.

उत्तर दे. आणि तू पी सुआकीच्या घरी जाऊन हे निस्तर. छानाच्या लग्नात पालाई म्हणून त्यांच्या वतीने बोलणी करायला तूच सियामीच्या गावी गेला होतास. तुझ्या शब्दावर तिच्या बापाने पोरगी दिली. शब्द देताना तू होतास, आता कुठे आहेस?

तुझी बहीण,
डिकी

---

लुंगलेई, खालची वस्ती
शुक्रवार, १५ नोव्हेंबर २०१९

प्रिय बहीण बियाकडिकी हिला,

आपल्या तारणाऱ्याच्या मोठ्या नावात सलाम. त्याच्या कृपेने आम्ही सर्व सुखरूप आहोत. तुझ्या गुडघ्याला लियानीने डुकराची चरबी गरम करून लावायला सांगितली आहे.

तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. तू लहानपणापासून तापट, आई म्हणायची की ही पोर मिरचीच्या वाफ्यात सापडली. तेव्हा शब्दांचा मी राग धरत नाही.

झालं त्याचं मला वाईट वाटतं. पण माझा हेतू तू जाणतेस. घरातलं माणूस आजारी असेल तर आपण घरातल्यांना सांगतो. मंडळी हे घर नाही का? निखारा चुलीतून बाहेर पडला की विझतो, हे मी रविवारच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवत आलो. सियामी विझत चालली होती. मी पाहिलं आणि माझ्याने गप्प बसवलं नाही. प्रार्थनेला उभा राहिलो तेव्हा तिचं नाव माझ्या ओठांवर घातलं गेलं. ते मी घातलं नाही एवढंच सांगतो.

नळाचं म्हणशील, तर अशा गोष्टी वस्तीत कानावर येतात. कुणाकडून ते आता आठवत नाही.

पी सुआकी वाईट बाई नाही. एकुलता एक मुलगा गमावला आहे तिने. रागाच्या भरात केलं, निवळेल. मी पाळकसाहेबांशी बोललो. त्यांचं म्हणणं, सियामीने परत यावं, मंडळीसमोर उभं राहून खोटं बोलल्याची कबुली द्यावी, आणि रविवारी आपल्या जागेवर बसायला लागावं. मग मुलाचा प्रश्न उरणारच नाही. हे मला योग्य वाटतं. पालाई म्हणून मी गेलो तरी याहून वेगळं काय सांगणार?

आणि डिकी, मोठा भाऊ म्हणून एक सांगतो. दुखावलेल्या माणसांना गोळा करून त्यांची दुखणी वाऱ्यावर सोडणं ही सेवा आहे का, याचा विचार कर. घरात बसून, पडदे ओढून, एका फोनला कान लावून माणूस किती दिवस तग धरील? आमच्यातही थकलेली माणसं असतील. पण ती जागा सोडत नाहीत.

तुला रोज प्रार्थनेत आठवणारा,
तुझा भाऊ,
उपा लालबियाकझारा
सचिव, उपामंडळ

---

लुंगलेई, वरची वस्ती
शनिवार, १६ नोव्हेंबर २०१९

दादा,

सलाम.

चरबी लावली. वहिनीला सांग, आराम आहे.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले. "कानावर येतात." नाकाने कांदे सोलणारा माणूस खोटं बोलायला लागला की किती कच्चं बोलतो! तू "चुलीपाशी" ऐकतोस, दादा. प्रत्येक भाग ऐकतोस. मी हे पहिल्या पत्रात लिहिणार नव्हते आणि दुसऱ्यातही लिहायचं नव्हतं. तू कबूल केलं असतंस तर ही ओळ लिहायची पाळी आली नसती.

आणि तू नुसता ऐकत नाहीस.

गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून मला एका माणसाचे संदेश येतात. नंबर अनोळखी, नाव नाही. खाली लिहितो, "पुढच्या बाकावरचा". पहिल्यांदा त्याने लिहिलं होतं, "मी दर रविवारी सर्वांना दिसेल असा बसतो. डोळे मिटतो. ओठ हलवतो. चार वर्षं झाली, आत काही हलत नाही. तुमचे ऐकणारे निदान घरी बसतात. मला घरी बसायची सोय नाही." दुसऱ्या रविवारी ती हकिगत मी वाचली. पुढच्या बाकाचा मागचा बाक केला, माणसाची बाई केली, तुमच्यापैकी कुणाच्याही मनात काही आलं नाही.

तो कोण हे मला तिसऱ्या संदेशात कळलं. बांबू फुलला आणि माजलेल्या उंदरांनी शेतं खाल्ली त्या दुष्काळातली गोष्ट त्याने लिहिली होती. घरात भात शिजवायचा तर आई आधी मूठभर तांदूळ चर्चसाठी डब्यात काढायची, सगळ्याच बायका काढतात. त्या साली एक दिवस तिने मूठ काढली, मग चुलीपाशी रडणाऱ्या पोरांकडे पाहिलं, आणि डब्यातली मूठ परत भांड्यात टाकली. खाली त्याने लिहिलं होतं, "देवाच्या वाटणीचा भात मी खाल्ला आहे. आणि तो गोड लागला होता. तो माझा शेवटचा खरा आशीर्वाद असेल असं आता वाटतं."

मी पाच वर्षांची होते, मला स्वतःला काही आठवत नाही. तूच मला ते सांगितलंस, आईच्या मयताच्या दिवशी, मोरीपाशी हात धुताना. म्हणालास, "हे कुणाला सांगू नकोस, आईची अब्रू जाईल." मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या दिवसापासून मी तुझ्याशी दोन तोंडांनी बोलते आहे. घरी आलास की भांडते, आणि रविवारी त्या माणसाला उत्तर देते. त्याच्याशी बोलताना मला जितकी माया आली तितकी तुझ्याशी बोलताना कधी आली नाही, हे खरं आहे आणि याची मला लाज वाटत नाही. तो माणूस मला आवडतो. तो खरं बोलतो.

म्हणून तर एवढा राग आला आहे. तिऱ्हाइताने केलं असतं तर मी चार शिव्या देऊन गप्प बसले असते. पण तू! माझ्या फोनात तुझं सगळं आहे. एक वाक्य जसंच्या तसं वाचलं असतं तर अर्ध्या लुंगलेईने तुझा आवाज ओळखला असता, तुझं ते "सोय नाही" कुणाला ठाऊक नाही? मी तुला झाकलं. वहिनीपासून झाकलं, तुझ्या मुलांपासून झाकलं, तुझ्यापासूनसुद्धा झाकलं. आणि तू त्याच जागेवरून ऐकलेली दुसऱ्याची जखम उचललीस आणि चर्चच्या मधोमध चव्हाट्यावर मांडलीस.

का, ते मी सांगू? तिच्यासाठी नाही. प्रार्थना तुला स्वतःसाठी मागायची होती. चारशे माणसांनी एकदा तरी तुझं नाव घेऊन देवाला हाक मारावी असं तुला वाटत होतं. पण स्वतःचं नाव घ्यायची छाती झाली नाही, म्हणून जिला नवरा नाही, बाप लांब आहे, जी उलटून बोलणार नाही, अशा पोरीचं नाव घेतलंस. तुझ्या ओठांवर ते कुणीही घातलं नव्हतं. ते अगदी जवळ होतं आणि तुझ्या नावापेक्षा स्वस्त होतं.

म्हणतोस, थकलेली माणसं जागा सोडत नाहीत. तू सोडली नाहीस, बरोबर. तिला मात्र दर रविवारी तिथे बसवायला निघाला आहेस, वर कबुलीही द्यायला लावणार! खोटं बोलल्याची कबुली तिने उभं राहून द्यायची, आणि ऐकायला पुढच्या बाकावर कोण बसणार? तू.

आता ऐक काय करायचं ते. मी आज गावाकडे जाते आहे. सियामीला माझ्या घरी आणते. तिच्या आईचा फोन होता, पोरगी दोन दिवस जेवलेली नाही, पुइयाचा एक मोजा तिच्या पिशवीत चुकून आला आहे तो घेऊन बसते. उद्या दुपारची उपासना सुटली की तू पी सुआकीकडे जायचंस. पाळकाला घेऊन नाही, वहिनीला घेऊन नाही. मी येणार नाही, मी आले तर भांडण होईल. एकटा जा, पालाई म्हणून.

पी सुआकीचं म्हणणं एकच आहे, जी चर्चमध्ये बसू शकत नाही ती पोर वाढवू शकत नाही. त्यावर तुझं ते पाळकसाहेबांचं उत्तर चालणार नाही, कारण त्यात तिचंच म्हणणं कबूल आहे. त्यावर उत्तर फक्त एक माणूस देऊ शकतो. जो बसतो, सगळ्यांत पुढे बसतो, आणि ज्याच्या आत तेच आहे. पोरांच्या बाप्तिस्म्याला जो उभा राहतो, ज्याच्याकडे आया पोरं सोपवतात. त्याने सांगावं.

नाही गेलास तर? तर काही नाही. मी कुणाला बोलणार नाही. धमकी म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही, तुला तसं वाटेल म्हणून मुद्दाम सांगते. पुढच्या शनिवारी पुढच्या बाकावरच्याचा संदेश आला तर मी नेहमीसारखाच वाचीन, गाव बदलून, नातं बदलून. फक्त तेव्हा पुइया आईवाचून दुसरा आठवडा काढत असेल, आणि ते मला बदलता येणार नाही.

सुमो आली. बाहेर हॉर्न वाजवतोय मेला.

डिकी

---

लुंगलेई, खालची वस्ती
सोमवार, १८ नोव्हेंबर २०१९

डिकी,

काल गेलो. एकटा.

पी सुआकीने चहा ठेवला. म्हणाली, "सुनेची बाजू घेऊन आलास, उपा?" मी म्हटलं, "नाही, माझीच सांगायला आलो." मग सांगितलं. वळणं घेत सांगावं असं ठरवून गेलो होतो, पण एकदा तोंड उघडल्यावर सरळच बोललो. चार वर्षं मी डोळे मिटून बसतो, आत काही नाही. सियामी बाहेर बसून जे करते ते मी आत बसून करतो, आणि मला त्याबद्दल पुढचा बाक मिळतो. ती पोर वाढवायला नालायक असेल तर ज्या ज्या लेकरावर मी हात ठेवला ती सगळी परत बोलवावी लागतील.

तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "माझ्या छानाला मातीत ठेवताना शेवटची प्रार्थना तूच केलीस ना?"

मी होय म्हटलं.

"तेव्हा होतं का काही आत?"

हे तू धरलं नव्हतंस, डिकी. मीही धरलं नव्हतं. तुझ्या पत्रात पुइया होता, सियामी होती, मी होतो. ही म्हातारी तुझ्या हिशेबातच नव्हती. दोन वर्षं ती त्या प्रार्थनेवर जगत होती, हे तिने मला तेव्हा सांगितलं. शोकाच्या घरी तो माणूस छानाबद्दल जे बोलला ते तिला सियामीइतकंच लागलं होतं. पण कबरीपाशी उपा झारा चांगलं बोलला, त्याने माझ्या पोराला देवाच्या हाती दिलं, एवढ्यावर ती दर रविवारी तिसऱ्या ओळीत येऊन बसायची. मी खोटं बोलू शकलो असतो. एक "होय" म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं?

मी "नाही" म्हटलं.

तिने माझ्यापुढचा चहा उचलला आणि मोरीत ओतला. मग म्हणाली, "ती निदान माझ्या पोरासाठी खरं रडली." कप विसळून म्हणाली, "तिला सांग, पुइयाचे शाळेचे कपडे इथे आहेत, तो इथेच राहणार, तेव्हा तिनेही इथेच यायचं. रविवारी कुठे बसायचं ते तिचं ती बघेल. पण तू या घरात परत डोळे मिटायचे नाहीस." मी उठलो. पुइया दारातच होता. त्याने मला विचारलं, "आई कुठल्या सुमोने येणार?" मला ठाऊक नव्हतं, तरी पहिल्या सुमोने म्हणून सांगितलं. सियामीला आजच पाठव.

तुझे आभार मानत नाही. तू म्हणालीस ते खरं होतं, नावाबद्दलचंही. तरी तुझा राग येतो आणि तो बराच काळ येत राहील. घरी येऊन लियानीला सांगितलं. तिने जेवायला वाढलं, भाजी घेणार का म्हणून विचारलं, आणि तेव्हापासून माझ्याकडे पाहिलेलं नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात ती माझ्यामागे प्रार्थना म्हणत आली. आता तिला काय वाटत असेल ते मी विचारलेलं नाही.

पी सुआकीच्या घराच्या भिंती पातळ आहेत आणि शेजार जागा आहे. आज सकाळी पाळकसाहेब आले होते. फार मायेने बोलले. माझा हात हातात धरून ठेवला होता. म्हणाले, "घाबरू नका, उपा, आम्ही तुम्हाला एकटं सोडणार नाही. परवा बुधवारच्या सभेत सगळी मंडळी तुमच्यासाठी प्रार्थना करणार आहे."

नाव घेऊन.

झारा